नाका उठतो तेव्हा

आमच्या घरी जुन्या सामानाच्या पेटीत एक पितळी बिल्ला आहे. त्यावरची अक्षरे पुसट झाली आहेत. पण ‘सायर’ एवढा शब्द अजून लागतो. हा बिल्ला माझ्या आजोबांचा. ते होळकर सरकारच्या सायर खात्यात, म्हणजे जकातीच्या खात्यात, नोकरीस होते. इंदुराहून उज्जैनीला देवदर्शनास जावयाचे तर वाटेत दुसरे राज्य लागत असे, हे आजच्या मुलांना सांगून खरे वाटत नाही. सांवेर मागे पडले की होळकरशाही सरे आणि शिंदेशाही सुरू होई. हद्दीवर नाका, नाक्यावर आडवा बांबू, आणि बांबूपाशी आजोबांसारखा कोणी कारकून वही उघडून बसलेला. गाडीत तूप किती, कापड किती, गूळ कोणाचा, हे विचारल्यावाचून बैलजोडी पुढे जात नसे. आजी हसून म्हणे, “दोन कोस चालावे, तो सरकार बदलते.”

मे १९४८ मध्ये माळव्यातील आणि ग्वाल्हेरकडील लहानमोठी सुमारे दोन डझन संस्थाने एकत्र येऊन मध्यभारत झाला. पुढे यथाकाल नाके उठले आणि आजोबा दुसऱ्या खात्यात गेले. नाका उठला तेव्हा तुम्हाला आनंद झाला की वाईट वाटले, असे मी त्यांना लहानपणी एकदा विचारले होते. ते म्हणाले, “उठला ते बरेच झाले. पण बांबू कोणी उचलला आणि कसा उचलला, हेही पाहावे लागते, बाळ.” त्या वयात या बोलण्याचा अर्थ मला कळला नाही. तो कळू लागला तो फार वर्षांनी, आणि तोही युरोपातील एका नदीच्या पुलावर.

माझा भाचा लक्झेंबर्गला एका बँकेत नोकरी करतो. २०२३ च्या मे महिन्यात मी त्याच्याकडे महिनाभर राहावयास गेलो होतो. एका सकाळी तो म्हणाला, “मामा, आज तुम्हाला तीन देश पायी दाखवतो. तेवढे बूट घाला, चपला नकोत.” आम्ही बसने निघालो. त्या देशात २०२० पासून बसला आणि आगगाडीला तिकीटच नाही, त्यामुळे कंडक्टरची वाट पाहण्याची माझी सवय फुकट गेली. उतरलो ते मोझेल नदीच्या काठी, द्राक्षमळ्यांच्या उताराखाली वसलेल्या एका लहानशा गावात. गावाचे नाव शेंगेन. परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या तोंडी ‘शेंगेन व्हिसा’ हा शब्द इतका असतो, की शेंगेन हे कोणत्या तरी गावाचे नाव असेल असे मला कधी वाटलेच नव्हते.

गावातून पूल ओलांडला की जर्मनीतील पेर्ल हे गाव लागते. तेथून नदीच्या काठाकाठाने थोडे दक्षिणेस चालत गेले की आपाक नावाचे फ्रान्समधील गाव. तिन्ही देशांच्या हद्दी नदीच्या पात्रात एकमेकींस मिळतात. आम्ही रमतगमत चाललो होतो. वाटेत ना शिपाई, ना चौकी, ना बांबू. पाट्यांची भाषा बदलली म्हणून देश बदलला असे समजावयाचे. एक बाई सायकलला पावाची पिशवी अडकवून एका देशातून दुसऱ्या देशात सहज निघून गेली. मला आजीचे वाक्य आठवले. येथेही दोन कोसांत सरकार बदलत होते; पण विचारणारे कोणी नव्हते.

१४ जून १९८५ रोजी याच गावापाशी नदीत नांगरलेल्या ‘प्रिन्सेस मारी-आस्त्रिद’ या बोटीवर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलंड आणि लक्झेंबर्ग या पाच देशांनी आपापसातील हद्दीवरची तपासणी उठविण्याचा करार केला. मला प्रथम वाटले, की येथूनच सारे सुरू झाले असावे. भाच्याने ती समजूत दुरुस्त केली. तो म्हणाला, “नाही मामा. हा शेवटचा अंक. नाटक पस्तीस वर्षे आधीच सुरू झाले होते.” आणि खरोखर, ती हकीकत नीट पाहिली म्हणजे ध्यानात येते, की युरोपात नाका सर्वांत शेवटी उठला. त्याच्या आधी कचेऱ्या बसल्या, कायदे झाले, न्यायालय उभे राहिले, आणि भांडणेही पुष्कळ झाली. माणसे एकमेकांवर विश्वास ठेवू लागली म्हणून संस्था झाल्या, असा आपला समज असतो. तेथे बहुतांशी उलटे घडले. विश्वास नव्हता म्हणूनच आधी संस्था करावी लागली.

विश्वास नसावा अशीच ती भूमी आहे. आपाकच्या मागे लोरेन प्रांत पसरला आहे. त्याचा मोठा भाग आणि शेजारचा आल्सास १८७१ मध्ये फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे परत आला, १९४० मध्ये पुन्हा जर्मनांनी घेतला आणि दुसरे महायुद्ध संपताना पुन्हा फ्रान्सकडे आला. म्हणजे घर न बदलता एकाच आयुष्यात चार वेळा सरकार बदलले, अशी माणसे त्या खेड्यांतून होती. लोरेनमध्ये लोखंडाची खनिजे, पलीकडे सार आणि रुर खोऱ्यांत दगडी कोळसा. दोन्ही एकत्र आली की पोलाद होते, आणि पोलादाच्या तोफा होतात. १८७० पासून १९४५ पर्यंत तीन युद्धे झाली, आणि प्रत्येक तहाच्या वेळी या खाणी कोणाच्या, हा प्रश्न उभा राहिला.

तेव्हा ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमान यांनी पॅरिसला जे जाहीर केले, ते वरवर पाहता अगदी रुक्ष होते. फ्रान्स आणि जर्मनी यांचे कोळशाचे आणि पोलादाचे सारे उत्पादन दोघांच्याही वर असलेल्या एका सामाईक अधिकारमंडळाच्या हाती द्यावे, आणि इतर देशांना वाटल्यास त्यांनीही त्यात यावे, एवढीच ती योजना. कल्पना मुख्यत्वे झाँ मोने यांची. हे गृहस्थ कॉन्याकच्या एका मद्यव्यापाऱ्याच्या घरात जन्मलेले. पदवी नाही, निवडणूक कधी लढविली नाही. तुमच्या शेजाऱ्याने तोफा कराव्यात की नाही याची हमी शपथेवर मिळत नाही. पण त्याचे पोलाद किती निघते आणि कोठे जाते याची वही दोघांच्या समोर उघडी असली, तर गुपचूप तोफा करता येत नाहीत, असा हा हिशेबी विचार होता. तो एखाद्या सायर खात्यातील कारकुनालाही पटला असता.

मला विशेष वाटले ते ज्यांनी हे उचलून धरले त्या माणसांचे. शूमान यांचा जन्म लक्झेंबर्गचा. वडील लोरेनचे, त्यामुळे ते जन्माने जर्मन प्रजाजन; शिक्षण जर्मन विद्यापीठांत; आणि पहिल्या महायुद्धानंतर लोरेनबरोबर तेही फ्रेंच झाले. इटलीचे पंतप्रधान आल्चिदे दे गास्पेरी हे त्रेंतिनोचे. तरुणपणी ते व्हिएन्नाच्या पार्लमेंटात बसले होते, कारण त्यांचा प्रांत तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर हे ऱ्हाइनकाठच्या कोलोनचे. तिघेही एकमेकांशी जर्मन बोलत. राजधानीत बसलेल्या माणसाला हद्द ही नकाशावरची रेघ असते. हद्दीवरच्या माणसाला ती घरातून गेलेली असते. म्हणून की काय, ती पुसट करण्याची घाई या तिघांना अधिक होती.

१८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिसला तह झाला. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलंड आणि लक्झेंबर्ग अशी सहा नावे त्याखाली होती. इंग्लंड बाहेर राहिले. ऑगस्ट १९५२ मध्ये मोने यांच्या अध्यक्षतेखाली अधिकारमंडळाचे काम सुरू झाले. त्याचे नऊ सभासद निरनिराळ्या देशांचे. परंतु आपल्या सरकारचा हुकूम घ्यावयाचा नाही, सर्वांचे हित पाहावयाचे, ही त्यांच्यावरची अट. नवे होते ते हेच. राजे एकत्र जमून तह करीत, ही गोष्ट जुनीच आहे. तह पाळला जातो की नाही हे पाहणारी कायमची कचेरी, आणि तिच्यावर लक्ष ठेवणारी सभा व न्यायालय, ही मात्र जुनी नाही.

आपल्याकडील वाचकांना येथे एक साम्य सहज सुचेल. १९४७ मध्ये संस्थानिकांनी सामीलनाम्यावर सह्या केल्या तेव्हा संरक्षण, परराष्ट्रसंबंध आणि दळणवळण एवढी तीनच खाती त्यांनी दिली होती. बाकी सारे आपल्याकडे राहील अशी समजूत होती. दोन-तीन वर्षांत संस्थानेच राहिली नाहीत. युरोपने आरंभ नेमका दुसऱ्या टोकाने केला. संरक्षण आणि परराष्ट्रसंबंध या गोष्टींना त्याने आधी हातच लावला नाही. १९५२ मध्ये एका सामाईक सैन्याचा तह झाला खरा. पण ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रान्सच्या लोकसभेने तो मोडीत काढला. त्यानंतर पुन्हा कोळशाच्या वाटेनेच जावयाचे ठरले. २५ मार्च १९५७ रोजी रोमला सहाही देशांनी सामाईक बाजारपेठेचा तह केला. आपल्याकडे वर एक राज्यघटना होती, एक संसद होती आणि तिला मानणारी जनता होती. म्हणून बांबू लवकर उचलता आला. तेथे सहा सार्वभौम सरकारे, आणि एकावरही सक्ती करण्याची सोय नाही. त्यामुळे त्यांना वेळ लागला. सहा देशांतील आपापसातली जकात १ जुलै १९६८ रोजी संपली. मालाची हद्दीवरची तपासणी १ जानेवारी १९९३ पासून गेली. माणसांची तपासणी या पुलावर उठली ती २६ मार्च १९९५ रोजी. शूमान यांच्या भाषणापासून मोजले तर पंचेचाळीस वर्षे झाली.

आता हा कारभार चालतो कसा? मी भाच्याला म्हटले, “मला वर्तमानपत्रातले शब्द सांगू नकोस, घरातले सांग.” त्याने जे सांगितले ते थोडक्यात असे. ब्रुसेल्सला एक आयोग आहे. त्यात प्रत्येक देशाचा एक, असे २७ सभासद असतात. कायद्याचा मसुदा करण्याचा अधिकार, काही अपवाद सोडले तर, फक्त या आयोगाचा. तो मसुदा दोन ठिकाणी जातो. एक मंत्र्यांची परिषद. शेतीचा विषय असला तर सत्तावीस शेतीमंत्री, अर्थाचा असला तर सत्तावीस अर्थमंत्री. दुसरे पार्लमेंट, त्याचे सभासद १९७९ पासून लोक थेट निवडून देतात, आणि २०२४ च्या निवडणुकीपासून त्यांची संख्या ७२० आहे. बहुतेक विषयांत दोघांचीही संमती लागते. या सर्वांच्या वर, दिशा ठरवावयास, देशोदेशीच्या सरकारप्रमुखांची बैठक.

मते मोजण्याची रीत पाहण्याजोगी आहे. परिषदेत ठराव व्हावयाचा तर निदान १५ देश अनुकूल हवेत, आणि त्या देशांची मिळून लोकसंख्या एकंदरीच्या ६५ टक्के हवी. म्हणजे मोठ्यांनी मिळून लहानांना दडपावयाचे म्हटले तर देशांची संख्या भरत नाही, आणि लहानांनी मिळून मोठ्यांवर बोजा टाकावयाचा म्हटले तर माणसांची संख्या भरत नाही. पार्लमेंटात जर्मनीला ९६ जागा आणि लक्झेंबर्गला ६. पण जर्मनीची वस्ती ८ कोटींच्या वर आणि लक्झेंबर्गची ७ लाखांच्याही आत, हे लक्षात घेतले म्हणजे लहान्याच्या पारड्यात मुद्दाम जास्त घातले आहे, हे दिसते. करआकारणी, परराष्ट्रधोरण आणि नव्या देशाचा प्रवेश असल्या बाबतींत मात्र अजून सर्वांचा होकार लागतो; एकाने नाही म्हटले की गाडी थांबते.

परंतु एवढ्याने राज्य चालत नाही. ठराव झाल्यावर कोणी तो पाळलाच नाही तर? या संघाला स्वतःचे सैन्य नाही. अशा वेळी उपयोगी पडले ते न्यायालय. आणि त्याचा पहिला मोठा निकाल, मौज अशी की, एका नाक्यावरच्या जकातीचाच होता. नेदरलंडमधील फान गेंद एन लोस या मालवाहतूक कंपनीने १९६० मध्ये जर्मनीहून एक रासायनिक द्रव्य आणविले. डच सरकारने त्याचे वर्गीकरण बदलल्यामुळे जकात ३ टक्क्यांची ८ टक्के झाली. रोमच्या तहाप्रमाणे सभासदांनी आपापसात जकात वाढवावयाची नाही असे ठरले होते. कंपनीने तक्रार केली. सरकारचे म्हणणे असे, की तह हा सरकारांमधला. त्यावर बोट ठेवणारा व्यापारी कोण? ५ फेब्रुवारी १९६३ रोजी लक्झेंबर्गच्या न्यायालयाने सांगितले, की या तहाने निराळीच कायदेव्यवस्था निर्माण केली आहे. तिने दिलेले हक्क साध्या नागरिकाचेही आहेत, आणि तो ते आपल्या गावच्या न्यायालयात मागू शकतो.

मिलानचे एक वकील, कोस्टा, यांनी विजेचे बिल भरावयाचे नाकारले. रक्कम दोन हजार लिरांच्याही आत. इटलीने वीज कंपन्या सरकारी केल्या होत्या. ज्या खाजगी कंपनीचे भाग या गृहस्थांकडे होते ती त्यात गेली होती, आणि तो कायदा तहाच्या विरुद्ध आहे असे त्यांचे म्हणणे. १५ जुलै १९६४ च्या निकालात न्यायालयाने तत्त्व घालून दिले, की सर्वांनी मिळून मान्य केलेला कायदा एका देशाला मागाहून आपला कायदा करून बाजूस सारता येणार नाही. आजोबांच्या नाक्यावर गुळाच्या गाडीवाल्याने ‘ही जकात बेकायदा आहे’ असे म्हटले असते, तर त्याचे काय झाले असते याची कल्पना करावी. सत्ता वर गेली, ही या गोष्टीची एक बाजू. वर गेलेल्या सत्तेला जाब विचारण्याची पायरी खालच्या माणसाच्या दारापर्यंत आणली, ही दुसरी. ही दुसरी बाजू नसती तर पहिली कोणी फार दिवस सोसली नसती.

राजधानीची कथा तर आपल्या इंदूर-ग्वाल्हेरच्या माणसाला ऐकवलीच पाहिजे. मध्यभारत झाला तेव्हा राजधानी कोठे, यावरून केवढा वाद झाला, हे जुन्या घरांतून अजून सांगितले जाते. शेवटी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर असा तोडगा निघाला, आणि दप्तरांच्या पेट्या वर्षातून दोनदा प्रवास करू लागल्या. १९५६ मध्ये मध्यप्रदेश झाल्यावर राजधानी भोपाळला, हायकोर्ट जबलपूरला, लोकसेवा आयोग इंदुरास आणि महसूल मंडळ ग्वाल्हेरीस, अशी वाटणी झाली. या धांदलीला हसणाऱ्यांनी युरोपकडे पाहावे. १९५२ च्या जुलैत सहा मंत्री कोळशाच्या अधिकारमंडळाची जागा ठरवावयास रात्रभर बसले. बेल्जियमने लिएजचा हट्ट सोडला नाही. पहाटे सारे थकल्यावर लक्झेंबर्गच्या योझेफ बेक यांनी सुचविले, की तूर्त आमच्याकडे काम सुरू करा. तो ‘तूर्त’ अजून संपलेला नाही. आज आयोग ब्रुसेल्सला, न्यायालय लक्झेंबर्गला, मध्यवर्ती बँक फ्रांकफुर्टला. आणि पार्लमेंटाच्या समित्या ब्रुसेल्सला, सचिवालयाचा भाग लक्झेंबर्गला, तर वर्षातून बारा बैठका स्ट्रासबर्गला. त्या वेळी कागदांचे पेटारे मालमोटारींतून चारशेहून अधिक किलोमीटर नेतात आणि परत आणतात. खर्चाबद्दल बोटे मोडणारे पुष्कळ आहेत. पण चार वेळा सरकार बदललेल्या आल्सासच्या राजधानीत सर्व देशांचे प्रतिनिधी बसतात, याची किंमत पेटाऱ्यांच्या भाड्यात मोजू नये, असे म्हणणारेही आहेत. मला दोन्ही बाजू पटतात. घर मोठे झाले की प्रत्येकाच्या खोलीत काही तरी ठेवावे लागते.

लक्झेंबर्गच्या न्यायालयाच्या सोनेरी मनोऱ्यांत मी एका दिवशी जाऊन आलो. भाच्याच्या ओळखीच्या एक बाई तेथे दुभाषी आहेत. सभागृहाच्या कडेने काचेच्या खोल्या. प्रत्येकीत दोन-तीन माणसे कानाला यंत्र लावून बसलेली. १९५८ मध्ये संघाच्या पहिल्याच नियमाने भाषांचा प्रश्न सोडविला. तेव्हा भाषा चार होत्या. आज चोवीस आहेत, आणि कायद्याचा प्रत्येक भाषेतील पाठ सारखाच अधिकृत. माल्टाची भाषा बोलणारे पाच लाखांच्या आसपास. तिचाही मान जर्मनइतका. चोवीस भाषांतून एकमेकींत भाषांतर म्हणजे ५५२ जोड्या होतात. “खर्च केवढा!” असे माझ्या तोंडून निघून गेले. त्या बाई म्हणाल्या, “ज्याला कायदा पाळावयाचा आहे, त्याला तो वाचता आला पाहिजे ना?”

तीन-चार पिढ्या माळव्यात काढलेल्या माझ्यासारख्या मराठी माणसाच्या मनाला हे बोलणे लागले. आपल्या पूर्वजांची मोडी दप्तरे येथल्या कचेऱ्यांतून होती. कचेरीची भाषा बदलली. मराठी घरात राहिली, गणेशोत्सवात राहिली, वाचनालयात राहिली. मोठ्या घरात गेल्यावर आपल्या बोलीचे काय होणार, ही धास्ती आपल्याला परकी नाही. युरोपच्या व्यवस्थेतही सर्वांस न्याय मिळालेला नाही, हे सांगितले पाहिजे. स्पेनमधील कॅटलान लाखो लोक बोलतात, पण तिला त्या चोवीसांत जागा नाही. कारण भाषा कोणती, हे देश सांगतो. आणि गंमत म्हणजे खुद्द लक्झेंबर्गची लक्झेंबर्गी भाषाही त्या यादीत नाही. १९८४ च्या कायद्याने ती त्या देशाची राष्ट्रभाषा झाली. तरी बसमध्ये, बाजारात, लहान मुलांच्या तोंडी मी ती रोज ऐकली. नाण्यांवर तिच्यातले देशाचे नाव आहे. युरो नाण्याची एक बाजू सर्व देशांची सारखी, दुसरी ज्याची त्याची. खिशातली चिल्लर पाहताना मला वाटले, की साऱ्या प्रयोगाचे चित्र याहून सोपे काढता येणार नाही.

या सगळ्याचे गोडवेच गावेत असे मात्र नाही. ब्रुसेल्स सामान्य माणसाला दूर वाटते. कायदा कोणी केला, दोष कोणाला द्यावयाचा, हे त्याला कळत नाही. आणि देशोदेशीचे मंत्रीही चांगले झाले तर आपण केले, वाईट झाले तर ब्रुसेल्सने केले, असे खुशाल सांगतात. १९६५ मध्ये द गॉल यांनी सात महिने फ्रान्सची खुर्ची रिकामी ठेवून कामकाज अडवून धरले होते. २०१० नंतर ग्रीस कर्जात बुडाला, तेव्हा चलन एक पण तिजोऱ्या निराळ्या, या व्यवस्थेचे चटके तेथील पेन्शनरांना बसले. जुलै २०१५ मध्ये ग्रीक मतदारांपैकी ६१ टक्क्यांनी कर्जाच्या अटी नाकारल्या, आणि त्याच महिन्यात त्यांच्या सरकारला तशाच कडक अटी स्वीकाराव्या लागल्या. ज्याने हे भोगले त्याला एकत्र टेबलाचे कौतुक सांगून उपयोग नाही.

आणि इंग्लंड तर निघूनच गेले. १९७३ मध्ये आले, २३ जून २०१६ च्या मतदानात ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ते बाहेर पडले. कोणी सैन्य पाठविले नाही, कोणी दार अडविले नाही. पण त्या साडेतीन वर्षांत जो प्रश्न सुटता सुटेना, तो पुन्हा नाक्याचाच होता: आयर्लंड आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधील हद्दीवर चौकी बसवावयाची की नाही? तेथल्या रक्तपातानंतर १९९८ मध्ये झालेला समेट उघड्या हद्दीवर टेकलेला होता. शेवटी मालाची तपासणी समुद्रापलीकडे, आपल्याच देशाच्या दोन भागांच्या मध्ये, न्यावी लागली. उठलेला नाका पुन्हा बसविणे किती अवघड असते, हे त्यावरून दिसले.

अवघड, पण अशक्य नव्हे. २०२४ च्या सप्टेंबरात भाच्याचा फोन आला. “मामा, आपण ज्या पुलावरून गेलो होतो ना, त्या जर्मन हद्दीवर पुन्हा पोलिसांची तपासणी सुरू झाली आहे.” बेकायदा येणाऱ्यांना आळा घालण्यासाठी म्हणून जर्मनीने आपल्या सर्व जमिनीवरील हद्दींवर ती लावली होती. करारात तात्पुरत्या तपासणीची सवलत आहे. ती वापरण्याची कारणे आयोगाला कळवावी लागतात, आणि लक्झेंबर्गने आपली नापसंती उघड सांगितली. मी विचारले, “मग आता?” तो म्हणाला, “आता पत्रे लिहिली जातील, बैठका होतील. कामाला जाणाऱ्यांना उशीर होतो आहे, एवढे खरे.” त्याच्या आवाजात राग होता, पण घबराट नव्हती. शंभर वर्षांपूर्वी त्याच पुलावर हद्दीचा वाद निघाला असता तर आवाज निराळा असता.

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा सापडल्यासारखे वाटले. बांबू कोणी उचलला? एकाने उचलला नाही. ज्यांचे तो रोखून धरण्यात हित होते त्याच सर्वांनी मिळून, प्रत्येकाने आपल्या हद्दीतला, उचलला. कसा उचलला? आधी वही एक केली, मग कायदा, मग न्यायाधीश, आणि हात सैल पडतील तेव्हा पुन्हा धरण्यासाठी बसावयाचे टेबल. ते टेबल जागेवर आहे तोवर एखाद्या पुलावर चार पोलीस उभे राहिले म्हणून सारे संपले असे होत नाही. टेबलच गेले, तर मात्र उघड्या पुलाचाही भरवसा धरू नये.

भाच्याचा मुलगा सात वर्षांचा आहे. शाळेत लक्झेंबर्गी बोलतो, लिहावयास जर्मन शिकतो, पुढे फ्रेंच शिकेल, आणि माझ्याशी फोनवर मराठी बोलतो. ‘ळ’ म्हणताना अजून अडखळतो. गेल्या दिवाळीत ते सर्व इंदुरास आले होते. पेटी उघडली तेव्हा त्याने बिल्ला उचलून विचारले, “आजोबा, हे काय आहे?” मी त्याला नाक्याचे सांगितले: बांबू, वही, गुळाची गाडी. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “मग त्या गाडीवाल्या काकांना उशीर होत असेल.” होत असे, मी म्हटले. बिल्ला त्याला देऊन टाकला आहे. जपून ठेव, एवढेच सांगितले.